पंचवीस डिसेंबरची वैष्णवी

इंदापूर तालुक्यात निम्म्या माणसांचा जन्म एक जूनला झालेला आहे. यात आईबापांचा दोष नाही. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारत, "जन्म कधीचा?" आणि बाप डोकं खाजवून सांगे, "गावात दुष्काळ पडला, त्याच्या फुडच्या साली." एवढ्यावर गुरुजींनी करायचं काय? ते पोराच्या दातांकडे बघत, वर्षाचा अंदाज बांधत आणि एक जून लिहून मोकळे होत. ही एक जूनवाली पोरं पुढे तलाठी झाली, कंडक्टर झाली, स्वतःच मास्तर झाली आणि सगळी एकदमच रिटायर होऊन गळ्यात हार घालून घरी आली. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते सारजाच्या वैष्णवीचं. वैष्णवी तिसरीत होती आणि तिची शाळा इंग्रजी माध्यमाची होती. हायवेपासून जरा आत, एका भाड्याच्या बंगल्यात नवीनच निघालेली. वाढदिवसाच्या दिवशी पोरानं रंगीत कपडे घालून यायचं, वर्गानं गाणं म्हणायचं आणि पोरानं चॉकलेटं वाटायची, असा तिथला रिवाज होता. एक जूनला शाळेला सुट्टी. त्यामुळे वैष्णवीनं आजवर सगळ्यांची चॉकलेटं खाल्ली होती, वाटली मात्र एकदाही नव्हती. पोरगी हट्टी नव्हती. पण वर्गात कुणाचा वाढदिवस झाला की त्या दिवशी घरी तिचं जेवणात लक्ष नसे, आणि सारजाला कारण विचारावं लागत नसे.

सारजा त्याच शाळेत मावशी होती. झाडलोट करायची, घंटा द्यायची, बारक्यांची नाकं पुसायची. नवरा जोतीराम पुणे-सोलापूर रोडवर मालट्रक चालवायचा. दोघंही मूळची मेंढरंवाली. बागायत वाढली, चराईची रानं गेली, तशी मेंढरं विकून ती इंदापुरात दोन खोल्यांत येऊन राहिली होती. लोकांना एवढंच माहीत होतं.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात तिसरीच्या विनयाबाईंनी शाळेत नाताळ करायचं ठरवलं. विनयाबाई नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून आलेल्या, मनानं फार चांगल्या आणि फार उत्साही. उत्साही माणसाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना थोडा त्रास होतोच. बाईंनी भिंतीवर मोठा तक्ता लावला, त्यावर लाल अक्षरात पंचवीस डिसेंबर लिहिलं आणि मुलांना बेथलेहेमची गोष्ट सांगितली. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं आणि सगळ्यांत आधी ते मेंढपाळांना कळलं. मग बाईंना एक कल्पना सुचली. कार्यक्रमात तिसरीच्या प्रत्येक मुलानं आपल्या स्वतःच्या जन्माची गोष्ट सांगायची, आईला विचारून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारजाला वर्गातच गाठलं. "मावशी, वैष्णवीची खरी तारीख सांगा बघू. एक जून सांगू नका हं. त्या एक जूननं मी वैतागलेय."

सारजाच्या हातातला झाडू थांबला. तिला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि समोर तो तक्ता होता. आकडे तिला वाचता येत होते. "पंचवीस डिसेंबर," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही हात गालांवर घेतले. "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? कार्यक्रम चोवीसला आहे. सगळ्या शाळेपुढे तिचा वाढदिवस करू, आणि तिची गोष्ट सगळ्यांत शेवटी ठेवू."

सारजा खोटं बोलणारी बाई नव्हती. पण वैष्णवीच्या जन्माबद्दल तिला खरं सांगता येत नव्हतं, कारण वैष्णवी तिच्या पोटची नव्हती. आठ वर्षांपूर्वी डाळजच्या शिवारात एका बागायतदाराच्या रानात त्यांनी खतासाठी मेंढरं बसवली होती. शेजारच्या उसात बीडकडची तोडकऱ्यांची टोळी उतरली होती. त्या टोळीतली एक बाई कारखान्याकडे येताना वाटेतच बाळंत झालेली, अंगात ताप आणि अंगावर दूध नाही. तिला कुणीतरी सांगितलं, त्या मेंढरांत एक दुभती शेळी आहे. ती पोर घेऊन आली. सारजाला लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या बाईनं पोर सारजाच्या पदरात ठेवलं, म्हणाली, "जरा बघा हिच्याकडं," आणि परत आपल्या पाचटाच्या कोपीत जाऊन पडली. ती पुन्हा उठलीच नाही.

तिचा नवरा येऊन म्हणाला, सीझन संपला की पोरीला नेतो, तोवर सांभाळा. सारजानं मान हलवली. आणि सीझन संपायच्या आधीच तिनं जोतीरामच्या मागं लागून मेंढरं तिथून उठवली.

हे तिचं दुखणं होतं. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर टोळ्यांच्या बैलगाड्या दिसू लागल्या की सारजा वैष्णवीला रस्त्यावर जाऊ द्यायची नाही. खोकला झालाय म्हणायची, थंडी हाय म्हणायची. पोरीला खरं कळलं तर ती आपल्याला आई म्हणेल का, आणि बापानं मागितली तर कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, या दोन गोष्टींनी तिचा जीव पोखरला होता. जोतीराम अधूनमधून म्हणे, "सांगून टाक एकदा. बाहेरनं कळण्यापरीस तुझ्या तोंडनं कळू दे." सारजा भांडी आपटत आत निघून जाई.

आता तर वैष्णवी रोज मागं लागली. "आई, मी जन्मले तेव्हा काय झालं? बाईंनी विचारून यायला सांगितलंय."

"आधी भाकरी खा," सारजा म्हणायची.

"खाल्ली. आता सांग."

"पाणी पी."

असं किती दिवस चालणार? त्यात भलत्या देवाचा दिवस आपल्या पोरीच्या नावावर घेतला, ही टोचणी वेगळीच. पोरगी मात्र हवेत होती. गोठ्याच्या नाटकात तिला मेंढपाळ केलं होतं आणि घरातलं आजोबांचं घोंगडं तिनं आधीच शाळेत नेऊन ठेवलं होतं.

शनिवारी विनयाबाईंनी सारजाला बारामतीला पाठवलं. तिथं प्रयागबाई साळवे म्हणून एक ख्रिस्ती बाई राहायच्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. सगळी बारामती त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्याकडून नाटकासाठी झगे आणि कामट्यांची मोठी चांदणी आणायची होती. सारजा एसटीनं गेली. सिस्टर कढईपुढे बसून करंज्या तळत होत्या. "नाताळच्या हायत. बस. गरम खा," त्या म्हणाल्या.

सारजाला वाटलं होतं, तिकडे काहीतरी वेगळंच खात असतील. ही तर दिवाळीची करंजी, खोबऱ्याच्या सारणाची. तिनं तसं म्हणूनही दाखवलं.

"करंज्या माझ्या सासूच्या," सिस्टर म्हणाल्या. "ते कोपऱ्यातलं झाड जर्मनीकडची पद्धत. गाय-गाढव मांडून गोठा करायचा, ते इटलीतल्या एका साधूनं सुरू केलं म्हनत्यात. गाणी विलायतेची, पण पेटी-तबल्यावर आमी म्हणतो ती आमची. सण असाच जमत जातो. ज्याच्या घरात जातो तितलं काहीतरी उचलतो."

सारजानं करंजी हातातच धरून ठेवली. "सिस्टर, एक विचारू? तुमच्या देवाचा जन्म पंचवीस तारखेचाच, हे कुणी बघितलं हुतं?"

"कुणीच न्हाय. पुस्तकात तारीखच न्हाय बघ. मेंढपाळ रात्री रानात मेंढरं राखत हुते, एवढंच लिवलंय."

"थंडीत का उन्हाळ्यात?"

"त्यावरनं विद्वानांची भांडणं अजून चालू हायत." सिस्टरनी झारा निथळला. "पहिली दोन-तीनशे वर्सं तर जन्माचा सण कुणी करतच नव्हतं. मेल्यावर उठला तो दिवस तेवढा पाळायचे. तो अजून चंद्रावर चालतो, तुमच्या तिथीवाणी मागंफुडं सरकतो. मग कधीतरी रोममधल्या लोकांनी पंचवीस डिसेंबर धरला. कोण म्हणतं, त्या दिवसांत तितं सूर्याचा सण असायचा, दिवस मोठा व्हायला लागायचा, म्हणून. कोण म्हणतं, मार्चात दिवस गेले असं धरून नऊ महिने मोजले. आन काही देशांत अजून सात जानेवारीला करत्यात."

"नऊ महिने मोजून तारीख?" सारजा म्हणाली. "त्यांच्यात बाई न्हवती वाटतं कुणी."

सिस्टरनी निम्म्या बारामतीची बाळंतपणं केली होती. त्या इतक्या हसल्या की कढईतली करंजी फुटून सारण तेलात पसरलं, तरी त्या हसतच राहिल्या.

"मग तुमी खोटी तारीख पाळता म्हणायची," सारजा हळूच म्हणाली.

"खोटी कशी? जन्मला हे खरं. आनंद कधी करायचा ते माणसांनी ठरवलं. आनंदाला एक दिवस नको का?"

भिंतीवर गोठ्याचं चित्र होतं. बाळ, आई, आणि मागं काठी धरून उभा असलेला एक दाढीवाला माणूस. सारजानं विचारलं, तो कोण. सिस्टर म्हणाल्या, "योसेफ. सुतार हुता. जन्माचा बाप न्हवं, पोसणारा. पण गाव त्या पोराला सुताराचं पोरगं म्हणूनच वळखायचं."

सारजा त्या चित्राकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. सिस्टरनी गॅस बंद केला. सारजानं सगळं सांगितलं. डाळजचं रान, शेळी, पदरात ठेवलेलं पोर, आणि सीझन संपायच्या आधी उठवलेली मेंढरं. हे शेवटचं तिनं आजवर जोतीरामशिवाय कुणापुढं काढलं नव्हतं.

सिस्टरनी तिला पाणी दिलं. जाऊ दे, झालं ते झालं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "तारखेचं काही मनाला लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "तारीख कुणीबी ठरवू दे. पण पोर कुणाच्या पोटी आलं ते लपवू नको. आमच्या पुस्तकात तारीख न्हाय सारजा, पण आईचं नाव हाय."

सारजानं डोळे पुसले. त्या बाईचं नाव आपल्याला माहीत नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. आठ वर्षांत तिनं ते कधी विचारलं नव्हतं आणि विचारायची तिची इच्छाही नव्हती. नाव नसलं की माणूस घरात येत नाही. झगे आणि चांदणी घेऊन ती इंदापूरच्या गाडीत बसली, तेव्हा करंज्यांचा डबा मांडीवर होता आणि भूक मेलेली होती.

रविवारी सकाळी वैष्णवीचं न्हाणं झालं. उन्हात बसवून सारजा तिचे केस विंचरत होती. पोरीची पाठ आपल्याकडे आहे, तोंड दिसत नाही, हे तिला बरं वाटलं. तसं नसतं तर तिला बोलताच आलं नसतं. ती बोलायला लागली आणि मधे कुठंही न थांबता सगळं सांगून मोकळी झाली. पंचवीस डिसेंबर आपण तक्त्यावरून उचलला, हेही सांगितलं. विंचरून झालेले केस ती पुन्हापुन्हा विंचरत होती.

 वैष्णवीनं पाठमोरंच विचारलं, "ती मेली?"

"व्हय."

"माझ्यामुळं?"

"न्हाय बाळा. तापानं. तुझा काय दोष?"

"तिचं नाव काय?"

"ठाऊक न्हाय मला."

"विचारलं नाहीस?"

 पोरीनं वेणी घालून घेतली, उठली आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर ती शाळेत जात होती, जेवत होती, सांगितलं ते करत होती. पण आई अशी हाक तिनं मारली नाही. "पाणी दे," म्हणायची, "वही फाटलीय," म्हणायची. हाकेची जागा मोकळी सोडून बोलायची. सारजाला ती मोकळी जागा प्रत्येक वेळी ऐकू यायची. जोतीराम सोलापूरहून आला, त्याला हे कळलं, आणि एरवी बडबड्या असलेला तो माणूस मुकाट्यानं पोरीच्या उशाशी बसून राहिला. तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. सारजानं ते दारातून बघितलं आणि तिला बरंही वाटलं आणि हेवाही वाटला.

चोवीस तारखेला बंगल्याच्या अंगणात मांडव घातला होता. गावातली सगळी मंडळी आली होती. सिस्टरही बारामतीहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाटक ठीक झालं, म्हणजे देवदूत स्टेजवर रडला आणि एक मेंढरू मधेच उठून आपल्या आईकडे गेलं. मग जन्माच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी ट्रॅक्टरमध्ये जन्मलेलं, कुणी लाइट गेली असताना. लोक हसत होते, टाळ्या देत होते. सारजा सगळ्यांत मागं खांबाला टेकून उभी होती. पोरगी आता काय सांगणार, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगितलं तर शाळेत, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. तरी तिनं पोरीला काही बजावलं नव्हतं. आठ वर्षं आपण तिचं तोंड बंद ठेवलं, आता ते तिचं तिला उघडू दे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"आणि आता आपली नाताळची मुलगी," विनयाबाई माइकवर म्हणाल्या.

वैष्णवी मेंढपाळाचं घोंगडं पांघरूनच पुढं आली. माइक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, तो बाईंनी वाकवून दिला.

"माझं नाव वैष्णवी जोतीराम कोळेकर. माझा जन्म पंचवीस डिसेंबरला झाला, असं माझ्या आईनं ठरवलंय."

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. सारजानं खांब घट्ट धरला.

"तेव्हा थंडी होती," वैष्णवी म्हणाली. "आमची मेंढरं उसाच्या रानात बसली होती. तिथं दोन बाया होत्या. एक बाई फार लांबून बैलगाडीतनं आली होती. तिनं मला जन्म दिला आणि ती दमली. तिला दूध नव्हतं. मग तिनं मला आईच्या पदरात ठेवलं. आईनं मला शेळीचं दूध पाजलं. ती शेळी पण छान होती. आईनं मला परत दिलं नाही, कारण तिला मी आवडले. संपलं."

टाळ्या पडल्या. कुणाला ती शेळीची गंमत वाटली, कुणाला वाटलं पोरीनं बेथलेहेमच्या गोष्टीत आपली गोष्ट मिसळली. विनयाबाईही तसंच समजल्या असाव्यात. त्यांनी वाकून लाडानं विचारलं, "किती छान. आणि मग त्या दुसऱ्या बाईंचं नाव काय होतं गं?"

वैष्णवीनं मांडवातल्या सगळ्या माणसांवरून मागं खांबाकडे बघितलं. "आईला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारायचं राहिलंय. हो ना गं, आई?"

 सारजानं मान हलवली. आठवडाभर दाबून ठेवलेलं रडू तिला आलं, आणि ते लपवायला तिनं पदरही वर घेतला नाही. शेजारच्या बाया बघत होत्या. बघू देत, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी उठून सारजानं वैष्णवीला नवीन फ्रॉक घातला, चॉकलेटांचा पुडा घेतला आणि जोतीरामला म्हणाली, "कारखान्याकडं सोडा आमाला. टोळ्या आल्यात."

जोतीराम म्हणाला, "तिचा बाप तितंच असंल. मग गं?"

"असू दे. असंल तर असंल," सारजा म्हणाली.  त्यानं पायात चपला सरकवल्या.

कारखान्याच्या पाठीमागं माळावर कोप्यांची रांग लागली होती. बाया चुलीपुढं होत्या, बैल उसाचं वाढं खात उभे होते. पोरं वैष्णवीच्या भोवती जमली आणि तिनं पुडा फोडून चॉकलेटं वाटायला सुरुवात केली. पहिल्याच कोपीपुढं एक म्हातारी भाकरी थापत बसली होती. तिनं वर बघितलं.

"कोन पायजे, बाई?"

सारजा तिच्यापुढं मातीत खाली बसली. "डाळजच्या रानात आठ वर्साखाली तुमच्याकडची एक बाई तापानं गेली, वली बाळंतीण हुती. तुमाला आठवतं का कुणाला? माझ्या लेकीच्या आईचं नाव पायजे हुतं."